साध्या पांढऱ्या ॲम्बेसेडरने पहिला नंबर कसा पटकावला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या हॉबी प्रदर्शनात, १/२४ मापाच्या मॉडेल गाड्यांच्या गटात, तू टामिया या जपानी कंपनीच्या किटमधून जोडलेली निळी निसान स्कायलाइन जीटी-आर ठेवली होतीस. फोटोएच, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे डिस्क ब्रेक, कार्बन फायबरसारखी दिसणारी डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं), रिबनचे सीटबेल्ट, कापून उघडं केलेलं बॉनेट, सगळं होतं. लोकांनी सगळ्यात जास्त फोटो तिचेच काढले. पहिला नंबर मात्र खेळण्यातल्या गाडीवरून बनवलेल्या एका पांढऱ्या सरकारी ॲम्बेसेडरला गेला, आणि तुला तिसराही मिळाला नाही. परीक्षक जुन्या आठवणींत वाहवले, की ओळखीपाळखीचा मामला होता, की हा नुसताच नशिबाचा खेळ आहे, असं तू विचारतोस.

त्या दिवशी त्या टेबलाचा परीक्षक मी नव्हतो. पण दोन्ही गाड्या मी निकालानंतर बराच वेळ पाहिल्या, ॲम्बेसेडर बनवणाऱ्या माणसाशी बोललो, आणि अशा टेबलांभोवती हातात टॉर्च घेऊन मी बरीच वर्षं फिरलो आहे. निकाल बरोबर होता. तो तुला अनपेक्षित वाटला, कारण तू आणि फोटो काढणारे लोक गाड्या चार-पाच फुटांवरून पाहत होता, आणि परीक्षक वीतभर अंतरावरून.

परीक्षक पहिल्या फेरीत जिंकणारी गाडी शोधतच नाहीत, ते बाद करायच्या गाड्या शोधतात. टेबलावर तीस गाड्या असल्या तर आधी त्या पाच-सहावर आणायच्या असतात, आणि तेव्हा कोणी किती मेहनत घेतली हे विचारात येत नाही. साचा जुळतो तिथली रेघ शिल्लक आहे का, चारही चाकं जमिनीला टेकली आहेत का, काचेवर डिंकाचा डाग आहे का, रंगात धूळ अडकली आहे का, बंपर तिरका बसला आहे का, एवढंच पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या आयपीएमएस या मॉडेलकारांच्या संस्थेच्या अमेरिकन शाखेत परीक्षक निदान तिघांच्या गटाने काम करतात आणि बांधणीच्या मूलभूत गोष्टी सगळ्यात आधी तपासतात. मी ज्या टेबलांवर काम केलं तिथेही रीत हीच. तिघं असल्यामुळे एकाच्या आवडीनिवडीचा भार फारसा पडत नाही. एकाला जपानी गाड्या आवडतात, दुसऱ्याला रेसिंगच्या, पण वर उचललेलं चाक तिघांनाही सारखंच दिसतं.

तुझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक वर होतं. गाडीला हात लावायची परवानगी नसते, म्हणून परीक्षक टॉर्च टेबलाला आडवी धरून गाडीच्या मागून प्रकाश टाकतात. टेकलेल्या टायरखाली काळी रेघ दिसते आणि अधांतरी टायरखालून उजेडाची फट येते. तुझ्या त्या चाकाखालून कागद सहज सरकला असता, इतकी फट होती. फट अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी खऱ्या गाडीत ती बारा मिलिमीटर होते. बारा मिलिमीटर हवेत असलेलं चाक घेऊन कोणती गाडी उभी राहते? एवढ्या एका दोषावरही गाडी पहिल्या फेरीत मागे पडू शकते, मग ब्रेक डिस्कच्या भोकांपर्यंत कोणी पोहोचतच नाही.

आता बॉनेट. ते कापून उघडं ठेवण्याचं धाडस मला मनापासून आवडलं. पण प्लॅस्टिकची जाडी तू किटमध्ये होती तशीच ठेवलीस. ती साधारण एक मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्या मापात चोवीस मिलिमीटर. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. बॉनेट बंद होतं तेव्हा हा फरक कोणाला दिसत नव्हता. उघडल्याबरोबर कडेची ती जाडी फळीसारखी समोर आली. उघडं काही दाखवायचं असेल तर त्याची कड आतल्या बाजूने कानशीने आणि पॉलिश पेपरने तासत न्यायची, म्हणजे निदान कडेपाशी तरी ती पत्र्यासारखी भासते. जोडलेला प्रत्येक जास्तीचा भाग गाडीची शोभा वाढवतो आणि परीक्षकाला दोष शोधायला आणखी एक जागाही देतो. तुझ्या गाडीवर अशा जागा पुष्कळ होत्या आणि ॲम्बेसेडरवर फार थोड्या. पण तेवढ्यावर ॲम्बेसेडर जिंकली असं समजू नकोस, तिच्याकडे मी पुढे येतो.

आधी रंग, कारण खरी गोम तिथे आहे. तू लिहिलं आहेस की रंगकाम मे महिन्यात उरकलं, कूलरच्या खोलीत. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसला. एवढ्या उष्णतेत एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारायच्या छोट्या यंत्राच्या तोंडातून निघालेल्या थेंबातलं थिनर बॉडीपर्यंत पोहोचायच्या आतच उडायला लागतं. थेंब ओला पडत नाही, त्यामुळे पसरून सपाट होत नाही, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. आपल्या संत्रानगरीत ही साल कशी दिसते हे वेगळं सांगायला नको. त्यात कूलर चालू असला की हवेत बाष्प भरतं. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंगावर दुधी सावट येतं. निळ्यावर ते लगेच दिसतं. तू त्यावर क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक वार्निशचे जाड थर दिलेस, मग साल घालवायला पेपरने घासलंस, आणि छपराच्या कडेला व मागच्या चाकाच्या कमानीवर घासणी रंगाच्या पार गेली. त्या दोन्ही ठिकाणी राखाडी प्रायमर डोकावतो. कडा आणि उंचवटे यांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून घासताना आधी तिथेच जातो. कडांवर मास्किंग टेप लावून मधला सपाट भाग घासायचा आणि अगदी शेवटी टेप काढून कडांवरून पॉलिशच्या कंपाउंडचा नुसता हात फिरवायचा.

हे सगळं परीक्षकाला कळतं ते छतावरच्या ट्यूबलाइटमुळे. तो वाकून गाडीच्या छपरात ट्यूबचं प्रतिबिंब पाहतो. प्रतिबिंबाची कड सरळ धारदार असली तर रंग उत्तम, ती थरथरत असली तर खाली साल आहे. गडद चकचकीत रंगात हे प्रतिबिंब कमालीचं स्पष्ट पडतं, म्हणून निळा, काळा, गर्द लाल हे रंग निवडणारा स्वतःची परीक्षा अवघड करून घेतो. पांढरा इथे थोडा दयाळू आहे. मात्र पांढऱ्याचीही खोड आहे. तो खालचा रंग नीट झाकत नाही, म्हणून लोक थरावर थर देत जातात आणि दारांच्या फटी बुजवून टाकतात. खऱ्या गाडीत दाराची फट चार मिलिमीटर धरली तर १/२४ मापात ती ०.१७ मिलिमीटर होते. शंभर मायक्रॉन रंग चढला तर तो खऱ्या मापात २.४ मिलिमीटर जाडीचा लेप झाला. खऱ्या गाडीवरचा प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचा सगळा रंगच मुळी शे-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो.

मेटॅलिकचंही तसंच. तू गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून शेड जुळवून आणलीस. शेड बरोबरच होती, पण त्या रंगातले चमचम करणारे कण खऱ्या गाडीसाठी केलेले असतात. वीस मायक्रॉनचा कण तुझ्या स्कायलाइनवर बसला की मापाच्या हिशेबाने तो जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा होतो. मग गाडी छोटी खरी गाडी न दिसता चकाकणारी वस्तू दिसते. मॉडेलसाठी केलेल्या मेटॅलिक रंगांत कण बारीक असतात. महाग पडले तरी तेच घे. शिवाय दुकानातलं एनसी थिनर किटच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, खातं, चांगल्या प्रायमरचं अस्तर नसेल तर प्लॅस्टिकवर जाळं उमटतं. तुझ्या डाव्या दारावर खालच्या बाजूला मला तसं काहीसं दिसलं.

आता ॲम्बेसेडर. तिचा कर्ता नोकरी सांभाळून घरच्या टेबलावर काम करणारा माणूस आहे. त्याने फॉर्मसोबत दोन पानं जोडली होती, आणि माझ्या मते त्या दोन पानांचा निकालात मोठा वाटा आहे. पहिल्या पानावर मापं होती. खऱ्या ॲम्बेसेडरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४६४ मिलिमीटर, म्हणजे १/२४ ला १०२.७. खेळण्यात हे अंतर चुकलेलं होतं, म्हणून त्याने तळ कापून मागचा आस सरकवला आणि चाकाच्या कमानी पुट्टीने नव्याने घडवल्या. दुसऱ्या पानावर मूळ खेळणं, कापलेली बॉडी आणि प्रायमरमधली बॉडी यांचे फोटो. परीक्षकाला समोरची वस्तू दिसते, तिच्यामागचं काम दिसत नाही. त्या पानांशिवाय ती एक नीटनेटकी पांढरी गाडी एवढीच राहिली असती. तुझ्या फॉर्मवर गाडीचं नाव आणि किटचा नंबर होता, बस. बॉनेट तू स्वतः कापलंस, सीटबेल्टची बकलं तारेची वळवलीस, हे परीक्षकांना कळायला काही मार्गच नव्हता.

आणि मग ती गाडी जवळून पाहा. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर अशा गाड्यांची रांग लागायची, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ती लगेच ओळखू येते. मागच्या सीटच्या पाठीवर पांढरा टॉवेल, टिश्यू पेपर पातळ डिंकात भिजवून केलेला, त्याची एक बाजू बसणाऱ्याच्या पाठीने किंचित खाली ओढलेली. मागच्या काचेला पडदा. बॉनेटवर झेंड्याची काठी, झेंड्यावर खोळ चढवलेली, कारण साहेब गाडीत नाहीत. गाडी मागच्या डाव्या बाजूला केसभर दबलेली, रोज त्याच जागी बसणाऱ्या वजनाने दबावी तशी. ॲम्बेसेडरला मागे स्प्रिंगचे पाटे असतात, आणि पाटे वर्षानुवर्षांच्या वजनाने बसतात. हे त्याने मुद्दाम केलं होतं, आणि तरीही चारही टायर टेबलाला टेकलेले होते. टायरवरची साच्याची मधली रेघ घासून काढलेली, त्यामुळे रबराची चमक जाऊन धावलेल्या टायरचा मळका काळा आलेला. पुढच्या जाळीचं क्रोम किटसारखं झगझगीत नव्हतं. त्याने खेळण्याचं क्रोम ब्लीचमध्ये बुडवून उतरवलं, साच्याच्या रेघा घासल्या, चकचकीत काळा मारला आणि त्यावर धातूचा रंग हलक्या हाताने फवारला.

यातली कोणतीही एक गोष्ट तुला करता आली नसती असं नाही. ती गाडी खरी कुठे उभी असायची, तिच्यात कोण बसायचं, हे त्याला ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं तेवढंच त्याने केलं.

जुन्या आठवणींबद्दलचा तुझा संशय मी झटकून टाकत नाही. परीक्षकही याच गावात वाढलेले. ॲम्बेसेडरपाशी ते जास्त वेळ थांबले असतील, नक्कीच. पण परीक्षक जास्त वेळ थांबला की त्याला जास्त दोष दिसतात. शिवाय स्कायलाइनच्या मागच्या दिव्याची कड बरोबर आहे की नाही हे आपल्याकडे मोजक्याच लोकांना सांगता येईल, पण ॲम्बेसेडर १९५७ च्या सुमारापासून २०१४ पर्यंत बनत होती आणि इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्यातून प्रवास केला आहे. मार्क फोर या जुन्या मॉडेलच्या बॉडीत नंतरच्या १८०० आयएसझेड मॉडेलसारखी जमिनीवरची गिअरची दांडी दिसली असती तर तिघांपैकी कोणीतरी लगेच बोट ठेवलं असतं. ओळखीची गाडी करणं म्हणजे सवलत मागणं नव्हे, सगळ्यात कडक प्रेक्षकासमोर उभं राहणं आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, मोठाले, झालरी-दिव्यांनी मढवलेले लाकडी बैल गर्दी खेचतात, पण बैलजोडी घरी असलेला म्हातारा वशिंडाचा उतार आणि पायांची ठेवण पाहूनच बोजारा, म्हणजे मुलांना द्यायची भेट, देतो. ॲम्बेसेडरच्या टेबलाशी असे म्हातारे बरेच होते.

ही रीत काही आजची नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ पर्यंत किशोरवयीन मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालवली. सुरुवातीला सगळ्यांना एकाच आराखड्यावरून नेपोलियनच्या काळातली शाही बग्गी बनवायची होती, लाकूड, धातू, कापड सगळं हाताने. विषय एकच असल्यामुळे कल्पकतेने भुलवायला जागाच नव्हती. फरक पडायचा तो मापाच्या काटेकोरपणात, जोडणीत आणि सफाईत. १९३७ पासून स्वतःच्या डिझाइनच्या मोटारी, १/१२ मापात, घ्यायला सुरुवात झाली. तिथे कल्पकतेला महत्त्व आलं, पण कारागिरीचं तपासणं सुटलं नाही. विजेत्यांना कॉलेजच्या शिष्यवृत्त्या मिळत, आणि त्यांतले काही पुढे मोटारींच्या डिझाइनमध्ये गेले. आज आपण टेबलाशी वाकून जे पाहतो, ते तेव्हाही पाहिलं जात होतंच.

मी परीक्षक होतो अशा एका टेबलावरचा आणखी एक अनपेक्षित पहिला नंबर सांगतो, कारण त्यात ॲम्बेसेडरसारखी आठवणींची शंकाच येत नाही. टामियाची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल, १/२४, किटच्या डब्यात आलं तेवढंच वापरून केलेली. बनवणारे अजनीकडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्याच टेबलावर रेझिनच्या बॉडीच्या, पूर्ण इंजिनाच्या, गंज दाखवलेल्या गाड्या होत्या. बीटलमध्ये जास्तीचं काहीच नव्हतं, फक्त काचांभोवतीची चंदेरी पट्टी त्यांनी रंगाऐवजी बेअर-मेटल फॉइलने, म्हणजे चिकटणाऱ्या अतिपातळ धातूच्या वर्खाने, केली होती. ती फॉइल मी भिंगातून पाहिली. प्रत्येक कोपऱ्यात कापाची रेघ अखंड, कुठे फाटलेली नाही, कुठे दातेरी नाही. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, प्रत्येक काचेला नवं पातं लावलं. पात्याला पैसे पडतात म्हणून बहुतेक जण एकाच पात्यावर सगळी गाडी उरकतात, आणि तिसऱ्या काचेपासून फॉइल ओढली जाऊन फाटायला लागते. आम्ही तिघा परीक्षकांनी ती बीटल दोनदा फिरून तपासली आणि बाद करायला कारण सापडलं नाही. इतर सगळ्या गाड्यांत सापडलं होतं.

नशीब मुळीच नसतं असंही मी म्हणणार नाही. गाडी डब्यातून आणताना आरसा तुटतो आणि टेबलावर ठेवेपर्यंत लक्षात येत नाही, परीक्षक दिसतं तेच मोजतात. प्रवेशिका जास्त आल्या की आयोजक गट फोडतात, रस्त्यावरच्या गाड्या वेगळ्या आणि रेसिंगच्या वेगळ्या, आणि सकाळी चौथ्या जागेवर असलेली गाडी दुपारी नव्या गटात पहिली येते. आयपीएमएसच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत एकाच माणसाला एका गटातली तिन्ही बक्षिसं नेता येत नाहीत. असा नियम जिथे असतो तिथे तिसऱ्या नंबरावर कधीकधी एखादं नवखं नाव येतं आणि लोक चकित होतात. काही ठिकाणी क्रम लावतच नाहीत, प्रत्येक गाडी ठरलेल्या दर्जाशी ताडून सुवर्ण, रौप्य, कांस्य देतात. तिथे तुझी गाडी ॲम्बेसेडरशी भिडलीच नसती. पण ही नशिबाची बाजू टेबलावरच्या वरच्या पाच-सहा गाड्यांपुरती असते. त्याखालच्यांना नशिबाने फार फरक पडत नाही.

ओळखीपाळखीबद्दल एवढंच सांगतो, की शंका आली तर निकालानंतर परीक्षकांकडे जाऊन 'माझी गाडी कुठे मागे पडली ते दाखवा' असं म्हण. नीट परीक्षक टॉर्च घेऊन तुझ्यासोबत टेबलाशी येतो आणि बोट ठेवून दाखवतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल मग तुझं मत बनव.

स्कायलाइन फेकू नकोस आणि रंग उतरवण्याच्या फंदातही पडू नकोस. बॉनेटची कड आतून तास. प्रायमर दिसतोय त्या दोन जागांपुरता रंग एअरब्रशने पुन्हा धरता येतो, पण ते पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर, सकाळचं ऊन खोलीत आल्यावर कर. रंग वाळू दे, नखाला लागत नाही म्हणून वाळला असं समजू नकोस. त्यानंतर क्लिअरचा एकच पातळ ओला थर दे आणि आठवडाभर डब्यात झाकून ठेव. पॉलिशचं काम त्यापुढचं. चाकासाठी सपाट काचेवर गाडी ठेव, तीन चाकं टेकवून चौथं चाक बसतं तो प्लॅस्टिकचा खिळा गरम पाण्याने किंचित वळव.

आणि मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातलं पांढरं धुकं. ते फेव्हिक्विकच्या वाफेने आलंय, पॉलिशने थोडं जाईल, पूर्ण नाही जाणार. ती काच काढून नवी बसव, आणि या वेळी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा डिंक वापर. जुनी काच आतून अंगठ्याने हळू दाबून सोडव. बाहेरून पात्याने उचकटायला गेलास तर खिडकीच्या चौकटीवरचा रंग तिच्यासोबत येईल.